डावीकडं मऊ

परवा मंगळवेढ्याचे एक गृहस्थ नातवाच्या बारशाचे फोटो ठरवायला स्टुडिओत आले. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं ते एक मास्तर हुते की, सगळ्यास्नी कमानीत उभारायला लावायचे. हायत का अजून?" मी म्हटलं, नाहीत. "सुटलो बगा," असं म्हणून ते बसले. मी चहा मागवला. मग आपणहून म्हणाले, "फोटो मातर तसा परत कुणी काढला न्हाय."

अंबादास मास्तरांबद्दल आमच्या भागात साधारण हेच मत आहे. माणूस नको, फोटो हवा. गिऱ्हाइकांना हे परवडतं, कारण त्यांचा मास्तरांशी संबंध एका लग्नापुरता. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या माझ्या स्टुडिओत हा माणूस माझ्यासोबत बारा वर्षं होता. त्या बारा वर्षांत मी किती वेळा मनातल्या मनात त्यांना हात जोडले असतील याची गणती नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चादरीच्या कारखान्यातले डिझाईन मास्तर. घर पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. चादरीवर जो मोर किंवा जी वेलबुट्टी दिसते ती आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढावी लागते, आणि त्यावरून मागासाठी भोकांची कार्डं बनतात. हे काम मास्तरांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. एक चौकोन चुकला तर चादरीवर मोराची मान तुटते. त्यामुळे जगात कुठंतरी एक चौकोन चुकलेला आहे आणि तो आपल्यालाच सापडायचा आहे, अशा नजरेनं ते सगळीकडे बघायचे. पुढं डिझाईनचं काम कॉम्प्युटरवर गेलं. हौसेनं कॅमेरा शिकलेलाच होता. एक दिवस पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात सूत मोजायचं भिंग, अशा थाटात ते माझ्याकडे आले आणि भिंतीवरचे माझे फोटो बघून म्हणाले, "बरे हायत. पण टोपीला जांभळी किनार कशाला लावलास?"

मी कुठलीच किनार लावली नव्हती. जवळ जाऊन पाहिलं, तर नवरदेवाच्या पांढऱ्या टोपीच्या कडेला खरंच जांभळट रेघ होती. उजेड-अंधाराच्या सीमेवर काही लेन्स असा रंग सोडतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण तो फोटो भिंतीवर दोन वर्षं लावलेला होता आणि मला एकदाही दिसलं नव्हतं. मी त्यांना ठेवून घेतलं. पश्चात्ताप त्याच आठवड्यात सुरू झाला.

नवीन लेन्स आली की स्टुडिओचं कामकाज बंद. मास्तर घरून एक चादर आणायचे, त्यांनी स्वतः काढलेल्या डिझाईनची, चौकटीचौकटीची. ती समोरच्या भिंतीवर चारी बाजूंनी ताणून खिळवायची, गवंड्याकडची पाणसळ लावून सरळ आहे का बघायची, मग कॅमेरा स्टँडवर चढवून पन्नास-साठ फोटो. तोवर पासपोर्ट फोटोला आलेली माणसं बाकावर ताटकळत. कुणी कुरकुर केली तर मास्तर शांतपणे सांगायचे, "चादर मी काढलीय. हिची एकेक रेघ मला पाठ हाय. लेन्सनं खोटं बोललं की लगेच कळतंय." लेन्स खोटं बोलत असली तर पासपोर्ट फोटोला काय फरक पडतो, हे विचारायची हिंमत फक्त एका रिक्षावाल्यानं केली होती. त्याला मास्तरांनी अर्धा तास समजावून सांगितलं. तो बिचारा फोटो न काढताच गेला.

फोटोत माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं विरघळलेलं, हे आजकाल प्रत्येकाला हवं असतं. पोरं येतात आणि "मागं ब्लर पायजे" एवढंच सांगतात. मास्तर या ब्लरला दूध म्हणायचे. मागचं सगळं सायीसारखं एकजीव झालं तर दूध चांगलं. कडा दुहेरी दिसल्या, चरचरीत झालं, तर दूध फाटलं. मागच्या दिव्यांचे गोल झाले आणि त्या गोलात वळ्या दिसल्या, तर तोंड वाकडं करून म्हणायचे, "दुधात कांदा चिरलास व्हय?"

एकदा लग्नाआधीच्या फोटोंसाठी एक जोडपं आलं. मुलगी नटूनथटून, मुलगा सुटाबुटात, एप्रिलची सकाळ. किल्ल्याच्या बागेत गेलो. मास्तरांनी एक फोटो काढला, स्क्रीन बघितली आणि मान हलवली. मागं कडुलिंब होता. पानांच्या फटींतून ऊन येतं, तिथं दूध हमखास फाटतं. तळ्याकाठी गेलो. पाणी चमकतंय म्हणून तिथंही नको. असं करत दहा वाजले, साडेदहा वाजले, मुलीचा मेकअप उतरला, मुलाच्या सुटाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला. मी मास्तरांना बाजूला घेऊन म्हटलं, "मास्तर, ही दोघं लग्न मोडतील." मास्तर म्हणाले, "थांब की. मिळतंय." आणि मिळालं कुठं, तर रस्त्यावर लांब उभ्या असलेल्या पाण्याच्या हिरव्या टँकरसमोर. मुलगी रडायच्या बेताला आली होती. टँकरसमोर फोटो काढायला तिनं सोलापूरचे इतके महाग फोटोग्राफर कशाला बोलावले असते! पण फोटो आला तेव्हा टँकर कुठंच नव्हता. मागं हिरवंगार, एकसंध, पैठणीच्या पदरासारखं काहीतरी होतं आणि त्यासमोर ती पोर अशी दिसत होती की तिनं तोच फोटो पत्रिकेवर छापला. हे असं व्हायचं म्हणूनच आमची पंचाईत. पूर्ण चुकले असते तर मी त्यांना दुसऱ्याच दिवशी नमस्कार केला असता.

आणि ती कमान. आमच्या जुन्या लेन्समध्ये एक खोड होती. सरळ रांगेत माणसं उभी केली की मधली खणखणीत आणि कडेची थोडी मऊ, म्हणजे धूसर, यायची, कारण त्या लेन्सला फोकस सरळ रेषेत धरताच यायचा नाही, तो वाकडा धरायची. अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, जरा बंद केलं की हे बरंच झाकलं जातं आणि सगळे फोटोग्राफर तेच करतात. मास्तरांना ते पटायचं नाही. लेन्स वाकडी बघते ना, मग माणसं वाकडी उभी करू, हा त्यांचा हिशेब. कडेच्यांनी अर्धं पाऊल पुढं यायचं.

परवा आलेल्या त्या गृहस्थांकडच्या मंगळवेढ्याच्या लग्नात दोन्ही घरची चाळीसेक माणसं स्टेजवर होती. मास्तर ओरडले, "कडंचे समदे अर्धं पाऊल म्होरं! न्हाय न्हाय, मामा, तुमी न्हाय. तुमी हाय तितंच ऱ्हावा."

नवरदेवाचे मामा मधोमध उभे होते. फेटा बांधलेला, मिशा ताज्या रंगवलेल्या. ते म्हणाले, "का? आमी काय मागं उभारायला आलोय व्हय?"

"मागं न्हाय ओ. लेन्स वाकडं बगती."

"लेन्स वाकडं बगती का तू बगतोस? चुलत्याचा मेव्हणा म्होरं आन मामा मागं, हे कुठल्या लग्नात बगितलास?"

मामा एक पाऊल पुढं आले. ते पाहून मुलीकडचे काका दीड पाऊल पुढं आले. मी आचाऱ्याकडे चहा मागायला निघून गेलो. मास्तरांशी वाद घालायचा नाही, बाहेर जाऊन चहा प्यायचा, हा माझा नेम होता. परत आलो तर मास्तरांनी बायकांकडून रांगोळी आणून स्टेजवर एक लांब कमान काढली होती आणि म्हणत होते, "ह्या रेघेवर उभारा." पुढं जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. रांगोळी दिसताच लोकांनी चपला काढल्या. एका आजींनी कमानीच्या दोन्ही टोकांना हळदकुंकू वाहिलं. भटजींनी हळूच मला विचारलं, "हा कुठला विधी हो? तुमच्याकडचा का?" आणि मामा, कमानीच्या बरोब्बर मध्यावर आपली जागा आहे हे पाहून, छाती काढून उभे राहिले. त्या फोटोत चाळीस माणसं अनवाणी आहेत आणि चाळीसही चेहरे लखलखीत आहेत.

तीन वर्षांपूर्वी मी नवी झूम लेन्स घेतली. मोठ्या अपर्चरची, झूम कितीही फिरवली तरी दूध उत्तम देणारी, आमच्या धंद्यात सगळ्यांना हवी असते तशी. मला वाटलं, आता चादर, पाणसळ, रांगोळी सगळ्यातून सुटका. मास्तरांनी चादर लावली. दुपारी म्हणाले, "डावीकडं मऊ पडतंय."

मी पाहिलं. मला दिसलं नाही.

"अपर्चर पूर्ण उघडं, झूम पार रुंद. तितं बग. डाव्या कडंच्या चौकटी. ओल्या बोटानं पुसल्यागत."

मी परत पाहिलं. फोटो मोठा करून पाहिला. चौकटी चौकटींसारख्याच दिसत होत्या. मास्तर म्हणाले, "कॅमेरा उलटा करून काढ की एकदा. मऊपणा उजवीकडं गेला तर लेन्सचा दोष. हितंच ऱ्हायला तर भिंतीचा." मी म्हटलं, "मास्तर, आपल्याला काय कॅमेरा उलटा धरून लग्नं काढायची आहेत?" आणि चहा प्यायला गेलो.

त्यांच्या समाधानासाठी लेन्स पुण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. तीन आठवड्यांनी परत आली, सोबत एक कागद, दोष आढळला नाही. मास्तरांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चादर काढायला गेले. पुन्हा पाठवली. पुन्हा तोच कागद. लग्नसराई सुरू झाली तरी मास्तर प्रत्येक लग्नात डावीकडच्या माणसांना मधे सरकवत होते. नवरीची आत्या डावीकडे आहे, तिला उजवीकडे घ्या. उजवीकडे मुलाकडची माणसं आहेत, आत्या तिकडे जायला तयार नाही. अशा भांडणात माझा एक अख्खा महिना गेला.

मग एका दुपारी स्टुडिओत दोन कुटुंबं अल्बम बघायला बसली होती. मास्तर आतून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या लेन्सनं काढू नको. डावीकडं मऊच हाय." बारा वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "लेन्स तपासणं बास करा मास्तर! आधी तुमचे डोळे तपासून या!"

मास्तरांनी लेन्सला झाकण लावलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद घेऊन आले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. माझ्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाले, "तुझं बरोबर निघालं."

डावा डोळा खराब म्हणून डावीकडचं मऊ दिसतं, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दिवसापासून मास्तरांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. आतल्या खोलीत अल्बमची पानं जुळवायला बसू लागले. मी एकदा म्हटलं, ऑपरेशन होऊन जाऊ द्या, मग या परत. ते "बगू की" म्हणाले. ऑपरेशन झालं, काळा चष्मा गेला, पण ते आतच बसले. हळूहळू येणं कमी झालं आणि मग थांबलंच.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. ती लग्नसराई सुरळीत गेली. कुणी कुणाला सरकवलं नाही, कुणी रुसलं नाही, कामं वेळेत झाली. मी त्या लेन्सनं भराभर फोटो काढत होतो आणि अल्बमच्या छोट्या पानांवर ते झकास दिसत होते.

पुढच्या वर्षी बार्शीच्या एका व्यापारी कुटुंबानं नव्या घराच्या हॉलसाठी सगळ्या खानदानाचा फोटो मागितला, भिंतभर मोठा. त्यांच्या हॉलला उजेड कमी होता, म्हणून मी अपर्चर पूर्ण उघडलं. माणसं खूप, म्हणून झूम पार रुंद. फोटो छापून भिंतीवर चढला तेव्हा मी तिथंच होतो. घरमालक जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "डावीकडची चौघं अशी का ओ?"

डावीकडच्या चौघांचे चेहरे पुसल्यासारखे होते. त्यात त्यांची थोरली आत्या होती, मुद्दाम फोटोसाठी अक्कलकोटहून आलेली. तिचे डोळे कुठं संपतात आणि सुरकुत्या कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं. मी फोटो परत काढून देतो म्हणालो. घरी न जाता थेट स्टुडिओत आलो. एक चादर भिंतीवर लावली, बाजारातली, कुणाचीही. पूर्ण उघडं अपर्चर, रुंद झूम, एक फोटो. मग कॅमेरा उलटा करून दुसरा. दोन्ही मोठे करून शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात डावी कड मऊ होती. दुसऱ्यात चादरीची डावी कड स्वच्छ आणि उजवी मऊ. लेन्सच्या आतली एखादी काच कुठंतरी केसभर सरकलेली होती, पहिल्या दिवसापासून. हे करायला मला दहा मिनिटं लागली.

तसाच पूर्व भागात गेलो. दार मास्तरांच्या बायकोनं, अक्कांनी उघडलं. मास्तर जमिनीवर ताट घेऊन ज्वारी निवडत बसले होते. मी बसलो आणि सगळं सांगितलं. बार्शीचा फोटो, आत्या, उलटा कॅमेरा. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान "म्हटलं नव्हतं का" एवढं तरी म्हणतील. त्यांनी विचारलं, "स्टँड हललं नव्हतं न्हवं?"

"नाही."

"मग लेन्सच."

"लेन्सच मास्तर. माझं चुकलं."

ते एक खडा काढून बाजूला ठेवत म्हणाले, "मोतीबिंदूनं समदंच धुरकट दिसतंय. एकच बाजू कशी दिसंल? आन कॅमेऱ्यातनं मी पयल्यापासनं उजव्या डोळ्यानंच बगतो की."

मी गारच पडलो. म्हटलं, "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत? दोन कागद आले कंपनीचे, ते तुम्ही मानले नाहीत. मग माझं कसं मानलंत?"

अक्का आतून बाहेर आल्या होत्या, त्याही ऐकत उभ्या राहिल्या. मास्तरांनी ताट हलवून ज्वारी पसरली. "तू कदी वरडत न्हाईस," ते म्हणाले. "बारा वर्सं माजं समदं ऐकून घेतलास, चहा प्यायला गेलास, पण वरडला न्हाईस. त्या दिवशी वरडलास. मला वाटलं, हा मानूस वरडतोय म्हंजे आपलंच कायतरी चुकत असंल. मला दिसतंय ते खरं नसंल."

"आता तर कळलं ना खरं होतं ते! सोमवारी लग्न आहे. चला."

"न्हाय."

"राग आहे का?"

"राग कशाचा! पन आता बटन दाबायच्या आदी मनात येतंय, आपल्याला बरोबर दिसतंय का म्हून. ते एकदा मनात आलं की हात थांबतोय. हात थांबला की नवरी डोळे मिटती." ते हसले. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

मी अर्धा तास गयावया केली. नवी लेन्स आणतो म्हणालो, तुम्ही तपासाल तीच घेतो म्हणालो. ते प्रत्येक वेळी मान हलवत राहिले, अगदी प्रेमानं. त्या मान हलवण्यानं मला पूर्वी जितका वैताग यायचा त्याच्या दसपट आला. निघताना दारातून वळून पाहिलं. ताटात मला नुसती ज्वारी दिसत होती, आणि ते त्यातून बारीक बारीक खडे एकामागून एक वेचून बाजूला ठेवत होते, न चुकता, न थांबता. पुढच्या महिन्यात दोघंही मुलाकडे भिवंडीला गेली. त्यानंतर भेट नाही.

लोक विचारतात तेव्हा मी मास्तरांच्या तऱ्हा सांगतो आणि लोक हसतात. मला मात्र अजून त्यांचा संताप येतो. लेन्सचा नव्हे, कंपनीचा नव्हे, त्यांचा. भांडायचं होतं. कॅमेरा हातातून हिसकून घेऊन उलटा धरायचा होता, माझं मुंडकं त्या स्क्रीनवर दाबायचं होतं. जन्मात एकदाच या माणसानं दुसऱ्याचं ऐकलं, आणि ते नेमकं माझं.